असिस्टंट कोचचा बाप

एडिनबरा
मंगळवार, सकाळ

प्रिय वरदा,

सर्वप्रथम तक्रार. तू पाठवलेली लोकरीची टोपी शनिवारी पोहोचली. तिच्या आतल्या लेबलावर 'सर्वांना होणारी' अशा अर्थाचं इंग्रजी छापलेलं आहे. हे विधान असत्य आहे. मी ती घातली आणि ती कपाळ, भुवया, चष्मा अशी एकेक ठाणी जिंकत नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली. तुमच्या संघातल्या रेडकू-खांद्यांच्या मुलांची डोकी मोजून 'सर्व' या शब्दाची व्याख्या ठरवणाऱ्यांचा मी लेखी निषेध करतो. ती घालून मी बावीस नंबरच्या बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा एका ऐंशीच्या आजीबाईंनी मला कोपराला धरून बसमध्ये चढवलं आणि "देअर यू गो, सन" म्हणत स्वतःची जागा दिली. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मला व्यवस्थित दिसतं. टोपी घातल्यावर दिसत नाही, एवढंच. गोंड्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. गोंडा उत्तम आहे.

इति पूर्वपक्ष. आता मुद्दा. तुला शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्या लोकांना उत्तर द्यायचं आहे हे मी विसरलेलो नाही. रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, घेऊ का?" आणि मी म्हणालो, "विचार करून सांगतो." जणू तू मला एखादा जुना सोफा घेऊ का असं विचारत होतीस. प्रश्न मला समजला होता. अमेरिकन फुटबॉलच्या लहान लीगमधल्या का होईना, पण पगारी, व्यावसायिक संघाची मुख्य प्रशिक्षक व्हायचं, की मोठ्या लीगमध्ये आहेस तिथेच असिस्टंट कोच म्हणून राहायचं. गेल्या सात वर्षांत तू मला हवामान सोडून काही विचारलेलं नाहीस, त्यामुळे मी जरा गडबडलो. उत्तर फोनवर द्यावं तर मी पुन्हा हवामानाकडे वळेन, आणि टपालानं पाठवावं तर तुझा शुक्रवार उलटून जाईल. म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतो आहे. कडेला अंगठा दिसला तर तो माझाच. जिथे अडशील तिथे मोठ्यानं वाच, लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचायचीस तशी. जोडाक्षरं मी मुद्दाम मोठी काढली आहेत.

आधी त्या बक्षिसाबद्दल. तुमच्याकडचे क्रीडापत्रकार दर वर्षी असिस्टंट कोच मंडळींमधून एकाची निवड करतात आणि त्याला सोहळ्यात मंचावर बोलावतात, हे तू सांगितलंस तेव्हापासून मला त्या प्रकाराचं नवल वाटत आलेलं आहे. राजे, सेनापती, नट, गवई यांना बक्षिसं मिळतात हे आपण समजू शकतो. पण 'दुसऱ्याच्या मागे उभं राहून केलेलं सर्वोत्तम काम' यासाठी सूट-बूट घालून समारंभ? आमच्या इकडे मागे उभं राहणाऱ्याला फार तर चहा मिळतो. आणि त्यात तुझं नाव शेवटच्या पाचांत. मागच्या फळीतल्या बचावपटूंना शिकवणारी, एडिनबऱ्यात वाढलेली, अजूनही "आमचा टीम हरला" म्हणणारी आमची वरदा. (टीम स्त्रीलिंगी आहे. तुझ्या आईचं म्हणणं, हरली तरी स्त्रीलिंगीच आहे.)

मग मी एक चूक केली. मी अभ्यास केला. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून आधीच्या विजेत्यांचं पुढे काय झालं ते एकेक करून शोधत गेलो. बाप ज्या नजरेनं अशी यादी वाचतो त्या नजरेला सुखान्त दिसत नाहीत हे मान्य, पण मला दिसलं ते असं: बक्षीस मिळालं की कुणीतरी मालक त्या असिस्टंटला उचलून मुख्य करतो, मुख्य झाला की दोन-तीन हंगामांत सामने हरतो, आणि मग तोच मालक पत्रकार बोलावून त्याला घरी पाठवतो. सगळ्यांचं असं होत नाही. पण मला घाम फुटावा इतक्यांचं झालेलं आहे. मला आपल्याकडचा बोकड आठवला. त्यालाही आधी हळदकुंकू लावतात, गळ्यात माळ घालतात, आणि त्यालाही बहुधा वाटत असणार की हा आपला सत्कार आहे.

निकाल लागला त्या सकाळी मी कॅन्टीनमध्ये पॉरिज खात होतो. फोन उघडला. तुझं नाव नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून पॉरिजची दुसरी वाटी घेतली. मुलगी हरली म्हणून आनंदानं दुसऱ्यांदा पॉरिज खाणारा बाप तुला मिळालेला आहे, याची नोंद घे. त्या दिवशी तुला "हार्ड लक, बेटा" असा मेसेज पाठवला तो खोटा होता. पुढे तीन दिवसांत या दुसऱ्या लीगवाल्यांनी तुला बोलावलंच. म्हणजे बोकड निसटला म्हणून मी सुस्कारा सोडला, तर देवीच घरी आली.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुला सांगू नकोस असं मी आईला बजावलं होतं. तिनं शब्द पाळला असेल तर तिचंही कौतुक कर.

तुझं नाव पाचांत आल्याचं कळलं आणि आपल्या इथल्या मराठी मंडळानं संक्रांतीच्या कार्यक्रमात तुझा सत्कार ठरवला. तू नव्हतीस, म्हणून मी घ्यायचा. मॉर्निंगसाइडचा तोच चर्च हॉल, तेच हीटर, जे फक्त खुर्च्यांच्या पहिल्या रांगेला ओळखतात. दीनानाथ अध्यक्ष आहे, हे तुला माहीत असेल. नागपूरचा, बँकेत आहे, आणि त्याला माइक लागत नाही पण तो सोडतही नाही. शाल झाली, नारळ झाला. नारळ इथला, शेंडी नसलेला, संन्यास घेतल्यासारखा. मग त्यानं माझ्या हातात काचेचं मानचिन्ह दिलं. मी चष्मा वर केला आणि वाचलं. पहिल्या ओळीत 'अमेरिकन फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकांच्या पुरस्कारासाठी नामांकन: कु. वरदा आठल्ये'. खाली बारीक अक्षरांत 'सुप्रसिद्ध कन्सल्टंट डॉ. शशिधर आठल्ये यांची कन्या'.

मी दीनानाथच्या कानाशी लागलो, "अहो, असिस्टंट हा शब्द राहिला." त्यानं माइक छातीशी दाबून धरला आणि त्याच्या मते कुजबुजला, म्हणजे तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "राहिला नाही, डॉक्टरसाहेब, काढला! मीच काढला. असिस्टंट लिहिलं असतं तर कसं दिसलं असतं, सांगा बरं? लोक म्हणाले असते, मग सत्कार कशाला? तुमच्यासाठीच काढला, बाप्पा." त्याच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ प्रेम होतं की रागावणं शक्य नव्हतं. आपल्या माणसांची प्रेम करायची ही रीतच आहे. आपल्या मुलाच्या, भाच्याच्या, शेजाऱ्याच्या हुद्द्यातला कमीपणा दाखवणारा शब्द आपण अलगद काढून ठेवतो, भातातला खडा काढावा तसा. जेवणाऱ्याला कळूही देत नाही.

आणि तो खडा माझ्या ताटातून किती वर्षं काढला जात होता हे मी तिथे, शाल पांघरून, मोजत उभा राहिलो. मी इथे आलो तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. आल्यावर जी नोकरी मिळाली ती कन्सल्टंटच्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या डॉक्टरच्या, खालच्या पायरीवरची, आणि पायरी बदलली, नावं बदलली, पण कन्सल्टंट मी कधीच झालो नाही. वाईला तुझ्या आजोबांनी पहिल्या पत्रापासून पाकिटावर 'कन्सल्टंट' लिहायला सुरुवात केली. पाठशाळेत साठ वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस, ज्याने माझ्या निबंधातला एक चुकीचा विसर्ग कधी सोडला नाही, त्यानं एवढी मोठी चूक दर महिन्याला स्वहस्ते केली. मी ती दुरुस्त केली नाही. मग मंडळात कुणीतरी तसं म्हणालं, मी तेही दुरुस्त केलं नाही. सव्वीस वर्षं दर गणपतीत मी 'आपले कन्सल्टंट डॉक्टर' म्हणून आरतीचं ताट घेतलं.

तर मी माइक मागितला. दीनानाथनं तो दिला यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य ओळख. मी म्हणालो, मंडळाचे आभार, मानचिन्ह सुंदर आहे, पण त्यात दोन चुका आहेत. एक, माझी मुलगी असिस्टंट कोच आहे, आणि बक्षीसच असिस्टंट लोकांचं आहे, त्यामुळे तो शब्द काढला तर ती स्पर्धेतूनच बाहेर जाते. दोन, मी कन्सल्टंट नाही. कधी नव्हतो. मी दुसऱ्या क्रमांकाचा भूल देणारा आहे, आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या क्रमांकावरूनच निवृत्त होणार आहे. एवढं बोलून मी माइक खाली केला. चहाच्या पिंपाचं बुडबुडणं तेवढं ऐकू येत होतं. मला वाटलं, संपलं. आता ही माणसं मला संक्रांतीचा तिळगूळही देणार नाहीत.

तेवढ्यात मागून मीनाक्षीचा आवाज आला. तू तिला भेटली नाहीस. आमच्याच हॉस्पिटलमध्ये रिकव्हरीत नर्स आहे, मुंबईची, आणि तिच्या हातात तिळाच्या लाडवांचा डबा होता. "अहो सर, हे काय नवीन सांगताय? तुमच्या गळ्यातल्या बॅजवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय की! मी रोज वाचते." कुणीतरी हसलं. मग तुझ्या आईच्या शेजारची बाई म्हणाली, "आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं ना, तेव्हाच कळलं होतं आम्हाला. पण भूल मात्र छान दिलीत हो." आणि दीनानाथ, माइकशिवाय, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "मलाही माहीत होतं, डॉक्टरसाहेब. तुम्ही काही बोलत नव्हतात, तर म्हटलं, तुमची तशी इच्छा असंल."

वरदा, सव्वीस वर्षं मी एक गुपित मंडळापासून सांभाळलं, आणि तेच गुपित अख्ख्या मंडळानं माझ्यापासून सांभाळलं. इतका निष्फळ आणि इतका प्रेमळ उपद्व्याप मी दुसरा पाहिलेला नाही. मी हसायला लागलो तो थांबेना. शालीत शिंकल्यासारखा हसत होतो. मग दीनानाथनं सारथ्याचा दाखला काढला, जो त्याच्या खिशात कायम असतो: साक्षात श्रीकृष्णानं घोडे हाकले, असिस्टंट असणं म्हणजे केवढी थोर गोष्ट, वगैरे. पाच मिनिटांपूर्वी त्यानंच तो शब्द काचेवरून काढला होता हे तो पार विसरला होता. मी मनात म्हटलं, सारथ्याचं एक बरं असतं. त्याला विमानतळावर सोडायला बाप येत नाही.

मानचिन्ह आता टीव्हीशेजारी आहे. दीनानाथ दुसऱ्या दिवशी बँकेतलं लेबल छापायचं यंत्र घेऊन घरी आला. 'प्रशिक्षकांच्या' या शब्दाआधी 'असिस्टंट' असं लेबल डकवलं, जरा तिरकं बसलंय, आणि माझ्या 'कन्सल्टंट' वर काळी इन्सुलेशन टेप लावली. आता ते 'सुप्रसिद्ध ▇ डॉ. शशिधर' असं दिसतं. कुठल्यातरी गुप्तहेर खात्यात होतो असा पाहुण्यांचा समज होतो, आणि मी तो दुरुस्त करत नाही. सवय.

पण खरी कबुली वेगळीच आहे. ती मी मंडळात दिली नाही, आणि तुझ्या आईलाही दिलेली नाही. तू तेरा-चौदा वर्षांची होतीस तेव्हा आमच्या कन्सल्टंटनं मला सांगितलं होतं, "तुझ्या अनुभवावर तुला थेट कन्सल्टंटच्या पातळीचा दाखला मिळू शकतो, कागद गोळा कर." मी दीड वर्ष कागद गोळा केले. बाराशे पानं झाली. दिलेल्या प्रत्येक भुलीची नोंद, सह्या, शिफारसपत्रं, तीन खोकी भरली. तुला आठवत असेल, जेवणाच्या टेबलावर आपल्याला ताट ठेवायला जागा नसायची. मग एक दिवस मी घरी सांगितलं, "नाही मिळालं." तू मला चॉकलेट आणून दिलं होतंस. आईनं दोन दिवस आवडीच्या भाज्या केल्या.

तो अर्ज मी पाठवलाच नव्हता. ती तीन खोकी पोटमाळ्यावर आहेत. पाठवायच्या आदल्या दिवशी मी आमच्या कन्सल्टंटकडे नीट बघितलं. तो माणूस आठवड्यातले दोन दिवस रोटा, म्हणजे सगळ्यांच्या पाळ्या, लावत होता, एक दिवस मीटिंगमध्ये होता आणि उरलेल्या वेळात कुणाच्या तरी तक्रारीला उत्तर लिहीत होता. आणि मी ऑपरेशन थिएटरमध्ये होतो. माझ्या हाताखाली पेशंटची हनुवटी होती. घाबरलेल्या माणसाला 'आता एखादी छान जागा आठवा' असं म्हणत त्याचे डोळे मिटताना बघणं, आणि मग तीन तास त्याच्या श्वासाशी बसणं, हे मला आवडायचं. सर्जनचे आभार मानतात, भूल देणारा कुणाला आठवत नाही, आणि आठवलाच तर बहुधा त्याचं काहीतरी चुकलेलं असतं. मला ते विसरलं जाणंही आवडायचं. म्हणजे मला ती वरची जागा नको होती. पण 'नको होती' म्हणायला धैर्य लागतं, लोक विचारतात 'का?' 'मिळाली नाही' म्हटलं की भाजी मिळते. मी भाजी निवडली. तुझ्या आईला हे माहीत आहे की नाही हे मला माहीत नाही, पण त्या खोक्यांवर तिनं मार्करनं 'दिवाळीच्या माळा' असं लिहून ठेवलंय, आणि आपल्या दिवाळीच्या माळा तर जिन्याखाली असतात. यावरून काय ते समज.

आता तुझ्या कामाबद्दल मला जे कळतं तेवढं सांगतो, कारण त्याशिवाय उत्तर देणं अप्रामाणिकपणाचं होईल. तुमचा सामना आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग लावून बघतो. नियम मला अजून अर्धेच समजलेत. दोन सैन्यं दर दहा सेकंदांनी युद्ध थांबवून सभा घेतात, एवढं कळलंय. आम्ही खेळ बघतच नाही. आम्ही तुझं कोपर बघतो. कॅमेरा हेड कोचवर जातो आणि त्याच्या मागे, चौकटीच्या कडेला, निळ्या जाकिटातलं एक कोपर दिसतं. "कोपर! कोपर!" असं तुझी आई ओरडते आणि मी चित्र थांबवतो. इतक्या मोठ्या खेळातलं आमचं तेवढंच. पण नोव्हेंबरमधल्या एका सामन्यात कॅमेरा चुकून तुझ्यावर राहिला. तुझा एक बचावपटू, बाविशीचा असेल, चुकला होता आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू जाऊन गुण गेले होते. हेड कोचनं कानावरचा हेडसेट फेकला. तो पोरगा बाकावर डोकं खाली घालून बसला. आणि तू त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलीस, त्याच्यापेक्षा खाली, म्हणजे त्याला खाली बघतानाही तू दिसावीस. हातातल्या टॅबलेटच्या पडद्यावर बोटानं काहीतरी दाखवत होतीस, आणि बोलत होतीस, सावकाश. त्याचा श्वास जागेवर आला ते मला टीव्हीतूनही दिसलं. ते बघणं माझा धंदाच आहे. तासाभरानं त्यानंच समोरच्यांचा चेंडू हवेत पकडला. कॅमेरा त्याच्यावर, मग हेड कोचवर, आणि कडेला एक कोपर झटकन वर गेलं. आईनं टाळ्या वाजवल्या. मी चहा आणायला म्हणून आत गेलो आणि चहा न आणताच परत आलो.

मी तुला हे तेव्हा सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा विचारलं, "तिकडे बर्फ पडला का?"

कारण त्याआधी सात वर्षांपूर्वी मी दुसरं काहीतरी सांगितलं होतं. एडिनबऱ्याचा विमानतळ, सिक्युरिटीच्या अलीकडे. युनिव्हर्सिटीत असताना पेफरमिलच्या मैदानावरच्या चिखलात तू हा खेळ खेळायला लागलीस तेव्हा थर्मास घेऊन उभा राहणारा मी एकटाच पालक होतो, त्यामुळे माझा विरोध होता असं कुणी म्हणू नये. पण तुला तिकडे पहिली नोकरी लागली ती अगदी तळाच्या असिस्टंटची, आणि मी तुझी बॅग हातात देताना म्हणालो, "कोणाच्या तरी हाताखाली राहायला एवढ्या लांब कशाला जायचं? ते इथेही मिळतं." विनोद म्हणून म्हणालो होतो. माझ्या विनोदावर तू नेहमी आधी डोळ्यांनी हसतेस आणि मग तोंडानं. त्या दिवशी तोंडच तेवढं हसलं. मग तू रांगेत गेलीस आणि मागे वळून हात केलास, आणि तेव्हापासून आपण हवामानावर बोलतो. अमेरिकेच्या मध्यभागातल्या हवामानाविषयी माझ्याइतकी माहिती असलेला भूलतज्ज्ञ स्कॉटलंडमध्ये दुसरा नसेल.

ग्रंथ लिहिताना प्रयोजन आधी सांगावं असा आपल्याकडे संकेत आहे. तुझ्या आजोबांनी मला त्यासाठी वर्गात उभं केलं असतं. मी ते टोपीच्या, बोकडाच्या आणि खोक्यांच्या मागे दडवून ठेवलं, पण आता पान संपत आलं. रविवारी "घेऊ का?" विचारायच्या आधी तू एक वाक्य म्हणालीस. "हेड कोच, बाबा. आता कोणाच्या हाताखाली नाही." हसत म्हणालीस. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला, कारण माझं वाक्य तू सात वर्षं जपून ठेवलं आहेस हे मला त्या क्षणी कळलं. ती जागा तुला हवी असेल तर घे. हरलात, त्यांनी काढलं, तर ये, तुझी खोली आहे, फक्त तिच्यात आईचं शिलाईचं मशीन आलंय. आणि नको असेल तर त्यांना 'नको' म्हण, आणि नंतर कुणालाही 'मिळाली नाही' असं सांगू नकोस, मलाही नाही. तू जिंकशील की हरशील याची मला आता काळजी वाटत नाही, खरंच नाही. काळजी एकच आहे. विमानतळावर मी जे बोललो ते तुझ्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं, आणि ते चूक होतं. शुक्रवारी तू जे उत्तर देशील ते त्यांना नसेल, मला असेल, याची मला भीती वाटते.

तुझाच,
बाबा